कॉन्स्ट म्हणजे वचन, पत्ता नव्हे

आज सी भाषेतल्या एका छोट्या शब्दाबद्दल बोलू या: कॉन्स्ट.

आमचा एक पंप कंट्रोलर पिक १६एफ८७७ए या चिपवर काही वर्षं बिनतक्रार चालला. मग तोच कोड आम्ही ॲटमेगा ३२८पीवर, म्हणजे एव्हीआर-जीसीसी कंपायलरवर आणला. एकही वॉर्निंग नाही, टेबलावर सगळं छान. पण जागेवर बसवल्यावर सिरियलवरून लांब संदेश आला की टाकीची पातळी भलतीच दिसायची आणि टाकी रिकामी असतानाच पंप बंद पडायचा. लोक पाण्याची वाट बघत होते आणि आम्ही दोन दिवस सेन्सर बदलत बसलो.

चूक सेन्सरची नव्हती. डिस्प्लेच्या फॉन्टचं टेबल होतं ९६ अक्षरांचं, प्रत्येकी ५ बाइट, म्हणजे ४८० बाइट. शिवाय साधारण १००० बाइटचे संदेश. सगळं कॉन्स्ट. जुन्या चिपची रॅमच ३६८ बाइट. तिथला कंपायलर कॉन्स्ट डेटा प्रोग्राम मेमरीत ठेवत होता. एव्हीआर-जीसीसी मात्र या चिपवर साधा कॉन्स्ट डेटा चालू होताना रॅममध्ये उतरवतो. २०४८ बाइटपैकी १४८० तिथेच गेले. वर आम्ही 'आता रॅम भरपूर आहे' म्हणून सिरियल बफर २५६ बाइटचा केला. उरलेल्या ३१२ बाइटमध्ये बाकीचे व्हेरिएबल्स आणि स्टॅक. स्टॅक खाली वाढत आला आणि पातळीच्या आकड्यावर चढला. लिंकर याबद्दल काही बोलत नाही.

यातून धडा एकच. कॉन्स्ट सांगतो, 'मी इथे लिहिणार नाही.' डेटा कुठे राहील, हे तो सांगत नाही. ते प्रत्येक कंपायलर आपलं आपण ठरवतो. केल सी५१ मध्ये त्यासाठी 'कोड' हा वेगळा शब्द आहे, एव्हीआर-जीसीसीत 'प्रोगमेम' किंवा 'फ्लॅश'.

यात प्रोगमेम व्हेरिएबलला चिकटतो, पॉइंटरच्या टाइपला नाही. साध्या पॉइंटरने वाचलं तर कंपायलर गप्प राहतो आणि हाती कचरा येतो. फ्लॅश टाइपमध्येच असतो, म्हणून आम्ही तो घेतला.

आता आम्ही तीन गोष्टी पाळतो. जागा सांगणारा शब्द एकाच हेडरमध्ये, मॅक्रोमागे. जे फंक्शन फक्त वाचतं, त्याच्या पॉइंटरला कॉन्स्ट लावायचाच. आणि कास्ट-क्वाल ही वॉर्निंग कायम चालू, कारण कास्ट करून कॉन्स्ट काढला तर एरवी जीसीसी हूं की चूं करत नाही.

आणि हो, पोर्ट केल्यावर 'कंपाइल झालं' म्हणून हात झटकू नका. आधी मॅप फाइल उघडा आणि रॅम किती उरली ते बघा. आमचे दोन दिवस त्या पाच मिनिटांत वाचले असते.