कांटा आणि आंकडा

उन्हाळ्याच्या दिवसांत खंडाळ्याचा घाट चढतांना एक देखावा अनेकांच्या पाहण्यांत आलेला असतो. रस्त्याच्या कडेला एखादी जुनी मोटार बॉनेट उघडून उभी असते, आंतून वाफेचे लोट निघत असतात, मुलें दगडावर बसलेलीं असतात आणि गृहस्थ पाण्याची बाटली हातांत घेऊन इंजिनाकडे नुसता पाहत असतो. काय झालें म्हणून कोणीं विचारलें, तर उत्तर बहुधा एकच मिळतें: “कांटा तर मघांपर्यंत मध्येंच होता!” गृहस्थ खोटें बोलत नाहीं, कांटा खरोखरच मध्यें असतो. मग खोटें बोललें कोण? आपल्या मोटारीसाठीं घरच्या घरीं अंकमापक तयार करणाऱ्या हौशी मंडळींपैकीं पुष्कळांचा उद्योग याच प्रश्नापासून सुरू होतो.

पेट्रोलच्या ज्वलनांत जी शक्ति मोकळी होते, तिचा चौथा किंवा फार तर तिसरा हिस्सा प्रत्यक्ष कामीं येतो. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. तींतील कांहीं धुराबरोबर बाहेर पडते, आणि बरीचशी इंजिनाभोंवतीं खेळणारें पाणी उचलून रेडिएटरकडे नेतें. हें पाणी साधारणतः ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलें, म्हणजे इंजिनाची प्रकृति ठीक आहे असें समजावें. रेडिएटरचें झांकण पाण्यास दाबाखालीं ठेवतें, म्हणून शंभर अंशांवरही तें लगेच उकळत नाहीं. पण ही सवलत अमर्याद नव्हे. अल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. त्यामुळें बिडाच्या ठोकळ्यावर अल्युमिनियमचें हेड बसविलेलें असलें, तर अति तापानें तें वांकतें, मधली गॅस्केट जाते, आणि पांच मिनिटांच्या दुर्लक्षाची किंमत कारखान्यांत महिन्याच्या पगारानेंही भागत नाहीं.

ही धास्ती मोटारीइतकीच जुनी आहे. १९१२ च्या सुमारास अमेरिकेंत ‘बॉइस मोटोमीटर’ नांवाचा उष्णतामापक निघाला. तो रेडिएटरच्या झांकणावरच उभा असे, आणि त्यांतील रंगीत रेघ चालकाला बसल्या जागेवरून दिसे. पुढें हें काम आंतल्या तबकडीवरील कांट्याकडे आलें. परंतु कांटा किंचित् हलला कीं मालक घाबरून कारखान्याकडे धांव घेत. म्हणून अनेक नव्या गाड्यांत कांटा मुद्दामच आळशी ठेवण्यांत आला. पाणी ८० अंशांवर असो वा १००, तो मध्यावरून हलत नाहीं. हलतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. चालकाच्या मनाला शांति देण्यासाठीं सत्याला थोडी मुरड घातलेली असते, एवढेंच.

घरगुती मापकाचा आधार एका जुन्या शोधांत आहे. बहुतेक धातूंचा विद्युत्-रोध तापविल्यावर वाढतो. पण १८३३ सालीं मायकेल फॅरडे याला सिल्व्हर सल्फाइडमध्यें उलट प्रकार आढळला. तें तापलें कीं त्यांतून वीज अधिक सुलभपणें वाहूं लागे. याच जातीचा मणी आज ‘थर्मिस्टर’ या नांवानें पितळी टोपणांत बसवून इंजिनाच्या पाण्यांत सोडतात. मोटारींत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित नमुन्याचा रोध २० अंशांवर सुमारें २,५०० ओहम, ८० अंशांवर ३२३ ओहम आणि १०० अंशांवर १८६ ओहम असतो. रोध मोजला कीं तापमान कळलें.

हा रोध मोजण्याचें काम एक लहानशी संगणक-पट्टी करते. इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं निघालेली ‘आर्डुइनो’ ही पट्टी यांत विशेष लोकप्रिय झाली. थर्मिस्टर आणि एक ठराविक रोध एकापुढें एक जोडून त्यांना पांच व्होल्टचा दाब द्यावयाचा, आणि दोहोंच्या सांध्यावर किती दाब उरतो तें पट्टीकडून वाचवून घ्यावयाचें. नेहमींच्या आर्डुइनोवर शून्य ते पांच व्होल्टपर्यंतचा दाब ० ते १०२३ अशा पायऱ्यांनीं मोजला जातो.

येथें नवशिक्याची पहिली चूक होते. ठराविक रोध म्हणून तो हाताला लागेल तो, समजा १०,००० ओहमचा, उचलतो. मग ८० अंशांपासून १०० अंशांपर्यंतच्या साऱ्या प्रवासाला जेमतेम तेरा पायऱ्या मिळतात. म्हणजे एका अंशाला एक पायरीही पुरती येत नाहीं. त्याच जागीं २७० ओहमचा रोध घातला, तर तेवढ्याच प्रवासाला सुमारें १४० पायऱ्या मिळतात, म्हणजे एका अंशाला सात. ज्या तापमानाची चिंता आहे, त्या तापमानावर थर्मिस्टरचा जो रोध असतो, त्याच्या जवळपासचाच ठराविक रोध निवडावा, असा हा साधा नियम आहे.

यंत्र तयार झालें तरी त्याची परीक्षा राहतेच. कुटलेलें बर्फ व पाणी यांचें मिश्रण शून्य अंश दाखवितें, आणि उकळतें पाणी शंभर. परंतु हें शंभर समुद्रसपाटीवरचें. दर तीनशें मीटर चढणीला पाण्याचा उत्कलनबिंदु सुमारें एका अंशानें उतरतो. म्हणून पुण्यास पाणी सुमारें ९८ अंशांवर उकळतें, तर महाबळेश्वरीं ९५-९६ अंशांवरच. ही गोष्ट विसरून स्वयंपाकघरांतील पातेल्यावर शंभराची खूण करणारा पुणेकर आपल्या मापकांत पहिल्याच दिवशीं दोन अंशांची चूक पेरून ठेवतो.

याहून कठीण भाग आहे तो मोटारीच्या विजेचा. स्वस्थ उभ्या गाडीची बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट देते. इंजिन चालूं असतां हा दाब १४ व्होल्टपर्यंत जातो. इंजिन सुरू करण्याच्या क्षणीं तो दहाच्याही खालीं घसरूं शकतो. आणि अधूनमधून क्षणभराचे मोठे धक्के येतात ते निराळेच. नाजूक पट्टीला हे धक्के सोसत नाहींत. म्हणून तिच्यापुढें दाब स्थिर करणारा भाग हवा, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ, तारेच्या उगमाशींच, लहानसा फ्यूज हवा. घांसलेली तार पत्र्याला लागली आणि मध्यें फ्यूज नसला, तर वीस अंशांची चिंता करतां करतां सारी गाडीच पेटावयाची. तसेंच थर्मिस्टरची परतीची तार इंजिनाच्या लोखंडावर न सोडतां वेगळी पट्टीपर्यंत आणावी; नाहीं तर दिवे लावतांच तापमान ‘बदललेलें’ दिसतें. मूळ गाडीच्या सेन्सरला आपली तार जोडण्याचा मोहही टाळावा. त्या सेन्सरवर इंजिनाचा संगणक पेट्रोलचें प्रमाण ठरवीत असतो, आणि त्यांत दुसरा वांटेकरी शिरला कीं दोघांचेंही माप बिघडतें.

नव्या गाड्यांच्या मालकांना मात्र इतका खटाटोप पडत नाहीं. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींना निदानाची एकसारखी खिडकी सक्तीची झाली, आणि पुढें इतर देशांतही तसें झालें. त्या खिडकींतून इंजिनाचा संगणक पाण्याचें तापमान एका आंकड्यानें सांगतो. त्यांतून ४० वजा केले कीं अंश मिळतात. आंकडा ० पासून २५५ पर्यंतच असूं शकतो, म्हणून ही युक्ति. तीमुळें उणे ४० पासून २१५ अंशांपर्यंतचें माप त्यांत मावतें.

एवढें सारें साधल्यावर खिडकीशेजारीं हिरवा आंकडा झळकूं लागतो, आणि नेमका येथेंच खरा धोका आहे. कांट्यावर कोणी फार विश्वास ठेवीत नाहीं. आंकड्यावर मात्र डोळे मिटून ठेवतात. समजा, नळी फुटली आणि पाणी गळून गेलें. मग थर्मिस्टर पाण्यांत न राहतां वाफेंत किंवा हवेंत लोंबकळतो, आणि हेड तापून लाल होण्याच्या वाटेवर असतांना मापक खुशाल कमी तापमान दाखवितो. मापक बिघडलेला नसतो. तो जेथें आहे तेथलें सत्यच सांगत असतो. तें इंजिनाचें सत्य नसतें, इतकेंच. म्हणून जाणते कारागीर दुसरा सेन्सर थेट हेडच्या धातूला चिकटवितात, आणि दोहोंत अंतर पडलें कीं घंटी वाजेल अशी योजना करतात. घंटी यासाठीं कीं चालकाचे डोळे रस्त्यावर हवेत, आंकड्यावर नव्हेत.

घंटी वाजल्यावर करावयाचें तें मात्र जुनेंच आहे. गाडी हळूहळू कडेला घ्यावी, आंतला हीटर पूर्ण सोडावा म्हणजे तेवढी उष्णता बाहेर पडते, इंजिन बंद करावें, आणि तें निवेपर्यंत रेडिएटरच्या झांकणाला हात लावूं नये. दाबाखालचें उकळतें पाणी तोंडावर उडून भाजल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

अशा रीतीनें मोटारींत मापक बसविणाऱ्या माणसाला अखेर मिळतें काय? बाजारांत तयार मापक मिळतो, आणि तो कदाचित् अधिक देखणाही असतो. परंतु ज्यानें बर्फाच्या पातेल्यांत थर्मिस्टर बुडविला, रोध बदलून पाहिले आणि दिवे लावून आंकडा हलतो कीं काय याची खात्री करून घेतली, त्याला आंकडा कोठून येतो आणि केव्हां फसवूं शकतो, हें ठाऊक असतें. पुढच्या उन्हाळ्यांत घाट चढतांना त्याची गाडीही कदाचित् तापेल. पण “कांटा तर मध्येंच होता” असें म्हणण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं. वाफ दिसण्याच्या बऱ्याच आधीं त्यानें गाडी सावलींत उभी केलेली असेल.