वार्धक्यातील मन आणि गावचा डॉक्टर



"वय झाले, आता असेच चालायचे," हे उद्गार घरोघरी ऐकू येतात. झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली, भजनाला जाणे सोडून कोपऱ्यात बसून राहणारी व्यक्ती पाहिली की तो म्हातारपणाचाच दोष मानला जातो. वस्तुतः नैराश्य हा वार्धक्याचा अटळ भाग नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या. मनोविकारतज्ज्ञ मात्र बहुतांशी शहरांत आढळतात. शिवाय वृद्ध माणूस मनाचे दुःख सांगत नाही. तो गुडघेदुखी, अपचन, अशक्तपणा सांगतो. म्हणून रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरानेच मनाचीही विचारपूस करणे अगत्याचे ठरते.

त्यासाठी आरंभी दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या कामांतील रस वा आनंद किती वेळा नाहीसा झाला? मन किती वेळा खिन्न वा निराश झाले? प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण असतात. बेरीज तीन वा अधिक झाल्यास नऊ प्रश्नांची सविस्तर चौकशी करावयाची असते. आशा कार्यकर्त्या भरतात त्या जोखीम-तपासणी अर्जातही या दोन प्रश्नांचा समावेश आहे.

स्मरणशक्तीची परीक्षा घेताना निरक्षरतेस विस्मरण समजले जाऊ नये. याच हेतूने हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार करण्यात आली व ती १९९५ साली प्रसिद्ध झाली.

चाचणी म्हणजे निदान नव्हे, हेही ध्यानी असावे. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, काही औषधे, इतकेच नव्हे तर कमी ऐकू येणे, यांमुळेही माणूस उदास वा विसराळू भासतो. ही कारणे आधी तपासली पाहिजेत.

जगणे नकोसे वाटते काय, असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट, विचारल्याने माणूस मोकळा होतो. हा प्रश्न मुला-सुनांसमोर नव्हे, एकांतात विचारावा. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलुपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

प्रश्न विचारून पुढे काहीच न करणे मात्र व्यर्थ होय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून राबविला जात आहे. आपल्या भागात त्याचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी व कोठे भेटतात, हे ग्रामपंचायतीने फलकावर लिहावे. एकट्या वृद्धास तेथवर नेण्याची व्यवस्था करावी. शिक्षकांनी मुलांना घरच्या आजी-आजोबांशी रोज बोलावयास सांगावे. डॉक्टराच्या प्रश्नास गावाची अशी साथ लाभली, तरच वृद्धांपर्यंत उपचार पोहोचतील.