देहातील घड्याळ आणि मेंदूचा ऱ्हास

बंगळूरच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटची लगबग पहाटेच सुरू होते. जवळच्या बाउरिंग व लेडी कर्झन रुग्णालयात परिचारिका रात्रभर जागतात. मनुष्याने रात्र कामाला जुंपली. देहाने मात्र ती व्यवस्था पुरतेपणी स्वीकारलेली नाही.

दोन्ही डोळ्यांच्या चेता मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगत वर सुमारे २०,००० पेशींचे एक केंद्र आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ते देहाचे घड्याळ रोज जुळवून घेते. या घड्याळाच्या जनुकाचा माग कोनोप्का आणि बेन्झर यांना १९७१ साली फळमाशीत लागला. पुढे बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात एम. के. चंद्रशेखरन यांनी या शास्त्राची जोपासना केली.

अल्झायमरच्या रुग्णाची रात्र बहुधा जागरणात जाते आणि दिवस पेंगण्यात. हा केवळ रोगाचा परिणाम, की कारणही? २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की मेंदूतील बीटा-ॲमिलॉइड हे द्रव्य जागेपणी वाढते व झोपेत उतरते. मोडलेली झोप त्याच्या संचयास वाव देते; रोग बळावला, की घड्याळाचे केंद्रही क्षीण होते. असे दुष्टचक्र संभवते. तथापि रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकास हा रोग जडेल, असे अनुमान काढणे चूक होय.

दिवसा भरपूर उजेड, रात्री काळोख आणि झोपेची ठरलेली वेळ यांनी रोग बरा होत नाही. परंतु रुग्णाची, आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्याचीही, रात्र सुसह्य होऊ शकते.