पढतमूर्ख, ढापण्या आणि नर्ड

वाळवा तालुक्यातील बहे या गावी, कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर, समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे. इस्लामपुराहून तेथे दर्शनास निघालो की, मारुतिरायाच्या आधी मला आठवतो तो दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील दहावा समास. कारण हल्लीची मुले ज्याला ‘नर्ड’ म्हणतात, त्याच्या कुळीतल्या एकाची, पढतमूर्खाची, समर्थांनी तेथे कसून झडती घेतली आहे. मात्र त्यांचा रोष वाचण्यावर नाही. बहुश्रुत असून जो बोलतो तसे वागत नाही आणि आपल्या ज्ञातेपणाच्या तोऱ्यात सकळांना नावे ठेवतो, त्याच्यावर आहे.

आमच्या शाळेने हा सूक्ष्म भेद कधी मानला नाही. 1960 पूर्वी, आमचा जिल्हा अजून दक्षिण सातारा म्हणवीत असताना, माझ्या वर्गात एक मुलगा होता. चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधून तो हुतूतूच्या वेळी लिंबाखाली वाचीत बसे, आणि आम्ही त्याला ‘ढापण्या’ म्हणत असू. गंमत अशी की, दिवसा त्याला खिजविणाऱ्या आम्हा पोरांचे वडील दिवेलागणीला त्याच्याच ओट्यावर, तगाईची नोटीस नाहीतर मामलेदार कचेरीचा कागद हाती घेऊन, निमूट बसलेले असत. आणि तो कंदिलाची वात वर करून, ‘काका, मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, घाबरू नका,’ असे समजावून सांगे.

त्याच सुमारास, म्हणजे 1950 साली, ‘नर्ड’ हा शब्द डॉ. स्यूस या अमेरिकन बालसाहित्यिकाच्या पुस्तकात एका काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून अवतरला, आणि लवकरच तिकडील तरुणांच्या बोलीत नीरस मनुष्यास चिकटला. आमच्याकडे त्याआधीच, याच तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी, 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढून, पुढे वाचणाऱ्या पोराच्या हाती कुदळही दिली होती. त्या पोराला पुस्तकी किडा म्हणण्याची कोणाची छाती झाली असती!

पुढे 1983 मध्ये साखराळ्याला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, संगणक आला, आणि ज्या घरांतून ‘सारखं पुस्तकात तोंड खुपसून बसतंय’ अशी तक्रार ऐकू येई, त्याच घरांतून ‘आमचा बाळ्या स्कॉलर आहे’ अशी द्वाही फिरू लागली.

माझा नातू संगणकशास्त्र शिकतो. त्याच्या सदऱ्यावर ‘नर्ड’ हे बिरूद ठळक छापलेले आहे. गेल्या महिन्यात पीककर्जाविषयी बँकेचे पत्र आले, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे मला वाचन वर्ज्य असल्याने मी ते त्याच्यापुढे धरले. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, ‘आजोबा, साधं मराठी आहे की ते, त्यात काय समजवायचं?’ ते पत्र अखेर संध्याकाळी दूध घालायला आलेल्या पोराने, किटली उंबऱ्याशी ठेवून, ओळीओळीखाली बोट धरीत मला वाचून दाखविले.