आवाज आपला, अटीही आपल्या
(इंदूरच्या मंडळातील भाषणातून)

मंडळी, न्यूझीलंडच्या उत्तरेला कैताया गावी ‘ते हिकू मीडिया’ हे माओरी लोकांचं रेडिओ केंद्र आहे. संगणकाला माओरी बोलणं कळावं म्हणून २०१८ साली त्यांनी आपल्याच माणसांना हाक घातली. १० दिवसांत सुमारे २,५०० जणांनी ३०० तासांवर वाचन करून दिलं. बाहेरच्या कंपनीनं आवाज विकत मागितले, तर साफ नाही म्हणाले. ते समाजाच्याच राखणीत ठेवले.

आपल्या इंदुरी मराठीला पुणेकर हसतात (हसू द्या!). पण आपला आवाज ऐकलाच नाही, तर यंत्राला ती कळणार कशी? सरकारच्या ‘भाषिणी’त आवाज देता येतो. विसर्जनानंतरच्या रविवारी आजी-आजोबांना सभागृहात घेऊन या. आधी अटी मोठ्यानं वाचू; पटल्या तरच बोलू.