एकेरी मार्गावरचा उशीर

आमच्या सवकडच्या माणसांना रेल्वे गाठायची तर महाड तालुक्यातलं वीर स्टेशन. रोह्यापासून वीरपर्यंतचा कोकण रेल्वेचा मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे मात्र तो पुन्हा एकेरी होतो.

एकेरी मार्ग म्हणजे शिंप्याचं एकच मशीन. ईद आणि गणपती जवळ आले की गिऱ्हाइकं दहा, सुई एक. मग आधी कोणाचं?

जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९५५ मध्ये सोपा नियम दिला: ज्याची मुदत आधी, त्याचं काम आधी. असं केलं की सर्वांत मोठा उशीर शक्य तेवढा लहान राहतो.

समजा, वीरला तीन गाड्या उभ्या आहेत आणि पुढच्या टप्प्यात एका वेळी एकच सोडता येते. पॅसेंजरला तो टप्पा ओलांडायला २० मिनिटं लागतात, मुदत २२ मिनिटांची. पहिल्या एक्स्प्रेसला १० लागतात, मुदत २८. दुसरीला १५, मुदत ४०. मुदतीच्या क्रमानं सोडल्या तर पॅसेंजर वेळेवर जाते, पहिली एक्स्प्रेस २ मिनिटं आणि दुसरी ५ मिनिटं उशिरा.

१९६८ मध्ये मूर यांनी वेगळा प्रश्न विचारला: उशीर होणाऱ्यांची संख्या कमी कशी होईल? त्यांची रीत अशी, की मुदतीच्या क्रमानं जाताना कोणाला उशीर होऊ लागला, तर तोवरच्यांतलं सर्वांत लांबलचक काम शेवटी टाकायचं. इथे ती पॅसेंजर. आता दोन्ही एक्स्प्रेस वेळेवर, उशीर एकाच गाडीला. पण तो २३ मिनिटांचा!

गणित दोघांचंही बरोबर आहे. फरक आहे तो काय मोजायचं याचा. प्रत्यक्षात गाड्या सोडणाऱ्यांना समोरून येणारी गाडी, सुरक्षितता असं कितीतरी पाहावं लागतं. पण कागदावर 'उशीर : एक गाडी' एवढंच उरलं, तर त्या गाडीतली दवाखान्यातून परतणारी म्हातारी, शेवटची एसटी चुकलेला चाकरमानी कुठेच दिसत नाही. शिवाय सगळीकडे थांबणारी, सावकाश जाणारी गाडी रोज तीच. म्हणून किती जणांना उशीर झाला, याबरोबर कोणाला, किती आणि कितव्यांदा झाला, हेही लिहून ठेवावं. रोज तोच मागे राहत असेल, तर एखाद्या दिवशी त्याला आधी सोडावं. शिंप्यानंही आणि रेल्वेनंही.