परवानगीच्या कागदावरची माणसे



मुंबईभोवतीची उपनगरे अचानक फुगली, असे नगररचना, आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा अशा खात्यांतले आपण सारे टिपणांत लिहितो. ते खरे नाही. मीरा-भाईंदरमध्ये 1991 साली पावणेदोन लाख माणसे होती, 2001 साली पाच लाख वीस हजार झाली आणि 2011 साली आठ लाखांच्या पुढे गेली. त्या शेवटच्या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर उतरली, तर तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांवर जाऊन देशात पहिला आला. यातला जो वाटा इमारतींत राहायला आला, त्याची खबर महापालिकेला आधीच होती. नकाशा मंजूर करताना सदनिका मोजल्या गेल्या, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र दिले गेले, जोत्याची तपासणी झाली, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र निघाले. पहिल्या सहीपासून पहिल्या बिऱ्हाडापर्यंत तीन-चार वर्षे सहज जातात. 2017 पासून तर महारेराच्या संकेतस्थळावर, नोंदणी झालेल्या प्रकल्पांत किती घरे आहेत आणि ताबा कधी द्यायचा आहे, हे कोणालाही वाचता येते. माझे म्हणणे एवढेच आहे: सेवांचे नियोजन जनगणनेच्या मागून न जाता बांधकाम परवानगीच्या बरोबरीने चालले पाहिजे.

आज ते जनगणनेच्या मागूनच चालते, आणि जनगणना स्वतःच मागे राहिली आहे. 2021 ची गणना झाली नाही. पुढची 2027 मध्ये आहे. तोवर दरडोई काहीही काढायचे तर भाजक 2011 चाच. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने 2013 मध्ये 50 हजार वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र हा निकष घातला. 2011 च्या वसई-विरारला, म्हणजे सव्वाबारा लाख माणसांना, तो लावला तर चोवीस केंद्रे होतात. आजच्या वसई-विरारला किती हवीत, हे या भाजकातून कधीच निघणार नाही. बांधकाम परवानगीच्या नोंदींतून बऱ्यापैकी निघेल. पण त्या नोंदी आरोग्य खात्याकडे जात नाहीत. नव्या घरात आलेल्या जोडप्याचे मूल पहिलीत बसायला सहा वर्षे लागतात. एवढी पूर्वसूचना आपल्या हाती असते, तरीही शिक्षण विभागाला ते मूल दिसते ते प्रवेशाच्या रांगेत. पाण्याला तर याहून लांबचा पल्ला लागतो. एमएमआरडीएची सूर्या योजना दिवसाला 403 दशलक्ष लिटरची आहे, त्यातले 185 वसई-विरारचे, 218 मीरा-भाईंदरचे. वसई-विरारला हे पाणी पोहोचायला 2023 उजाडले. माणशी 135 लिटर धरले आणि गळती शून्य मानली (असे मानायला धाडस लागते), तर 185 दशलक्ष लिटर म्हणजे सुमारे पावणेचौदा लाख माणसांचे पाणी. शहराचे जुने स्रोत आहेत, हे मान्य. पण हे पाणी येईपर्यंतच्या वर्षांत भोगवटा देण्याचे काम चालूच होते आणि टँकरचा धंदाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असतो: आकडे आधी कळले म्हणून जागा थोडीच मिळते? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम 127 आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही की मालक नोटीस देतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत होते. शाळेची जागा हातून जाते ती बहुधा भोवतीच्या इमारती भरत आल्या असताना, म्हणजे तिची गरज आणि किंमत दोन्ही कळसाला पोहोचल्यावर. उशिराने पैसा वाचत नाही, वाढतो. जिथे रोख नाही तिथे हस्तांतरणीय विकास हक्क आहेत, समावेशक आरक्षण आहे. आणि प्रत्येक सेवेला स्वतंत्र इमारत लागते, हा आपला एक जुना हट्ट आहे. दवाखाना भाड्याच्या दोन गाळ्यांत चालतो, अंगणवाडी सोसायटीच्या सभागृहात भरते. सेवा वेळेत सुरू झाली पाहिजे. फीत नंतर कापता येईल.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. दिवा, मुंब्रा, नालासोपारा इथली कितीतरी वस्ती परवानगीविना उभी आहे. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट कागदांवर महारेराची नोंदणी मिळवल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मग परवानगीची वही कोणत्या शहराचे चित्र दाखवणार? अर्ध्याच शहराचे, हे कबूल करायला हवे, आणि सेवांची खरी निकड बऱ्याचदा दुसऱ्या अर्ध्यात असते. पण तिथली माणसे मोजण्याची पद्धत आपल्याच आरोग्य खात्याकडे आहे. पल्स पोलिओच्या फेरीत घरोघर जाणारे कर्मचारी दारावर खडूने खूण करतात आणि मुलांची संख्या लिहून घेतात. इमारत अधिकृत आहे का, असे कोणी विचारत नाही. त्या याद्या आणि महावितरणची घरगुती वीजजोडणी प्रभागनिहाय शेजारी ठेवली की वहीबाहेरचे शहर दिसू लागते. वीजवापरावरून रिकामे फ्लॅटही उघडे पडतात, त्यामुळे गुंतवणुकीची घरे अंदाज फुगवतील ही तक्रारही मिटते. या मोजणीने बेकायदा बांधकामाला मान्यता मिळेल, अशी भीती काहींना वाटते. लस टोचल्याने इमारत नियमित होत नाही.

‘सोयी दिल्या की लोंढे येतात,’ हे तिसरे म्हणणे. लोक आले ते घराच्या किमतीमुळे आणि लोकलमुळे. गिरणगावातून उठून विरारला गेलेल्या कुटुंबाने तिथे दवाखाना आहे का, हे आधी पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

आणखी एक अडचण आपल्या हातातली नाही, तरी बोलतो. कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, नवी मुंबई इथे 2015 नंतरची महापालिका निवडणूक 2026 च्या जानेवारीत झाली. मधली पाचएक वर्षे प्रशासकांची होती. प्रभागातली शाळा दोन वर्षे मागे पडली, तर सभागृहात उभे राहून जाब विचारणारे कोणी नव्हते. आता आहेत. त्यांच्या हाती आकडे देणे हे आपले काम आहे.

म्हणून या परिषदेपुढे एक ठराव ठेवतो. प्रत्येक बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत, त्यावर ताब्याचे अपेक्षित वर्ष आणि राहायला येणाऱ्यांचा अंदाज लिहून, पाणी, आरोग्य व शिक्षण विभागांना त्याच आठवड्यात जावी. आणि 1 मार्च 2027 या गणनेच्या संदर्भदिनाआधी प्रत्येक महापालिकेने आपापला प्रभागनिहाय अंदाज छापून जाहीर करावा. गणनेचे आकडे आले की तो कुठे आणि किती चुकला, ते प्रभागवार शेजारी मांडून त्याच सभागृहापुढे ठेवावे.